कुंपणावरच्या चिंध्या

३ फेब्रुवारी

तीर्थरूप काकांना घडीबाईचा नमस्कार.

पत्र बघून तुम्ही म्हणाल, काम असल्याशिवाय ही बया लिहायची नाही. खरंच काम आहे. फोन करायचा म्हटलं तर तुमच्याशी बोलताना सगळ्या गल्लीला ऐकू जातं आणि तुम्ही तेवढे कोरडे राहता. तुमचं कानाचं यंत्र डब्यात ठेवण्यासाठी घेतलंय का, असं हे विचारत होते.

काम असं की आमच्या धाकट्या भावजींनी मागच्या दाराला लाकडी ओटा बांधलाय. ओटा म्हणजे चांगला ऐसपैस, स्वयंपाकघराच्या दारापासून सुरू होऊन तीन पायऱ्या उतरून अंगणात जाणारा, आणि अंगणाला तिन्ही बाजूंनी उभ्या फळ्यांचं कुंपण. एकट्याने केलं सगळं. भावजींची कथा तुम्हाला ठाऊक आहेच. ट्रक चालवायचे, दारूपायी लायसन गेलं, बायको माहेरी गेली ती गेलीच. गेल्या वर्षी आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या अंगावर काही उरलं नव्हतं. आता दारू पूर्ण सुटलीय. दुपारची एक सिगारेट तेवढी राहिलीय, ती मी बघून न बघितल्यासारखं करते.

तर आमच्या चौकातल्या फर्निचरवाल्याने ओटा येताजाता पाहिला आणि म्हणाला, सुतारकाम बरं आहे, आता याला नीट तेल-रंग करून दाखव, मग मी तुला कामावर घेतो. भावजींसाठी हा ओटा म्हणजे परीक्षेचा पेपर झालाय. रात्रंदिवस फळ्यांवरून हात फिरवत असतात. एवढा जीव त्यांनी बायकोला लावला असता तर, असं मी यांना म्हटलं, तर यांनी डोळे वटारले. धाकट्याबद्दल यांच्यापुढे चकार शब्द काढायची सोय नाही.

दुकानात गेलो तर डब्यांवर डबे. कोणी म्हणतो वॉर्निश मारा, कोणी म्हणतो रंग. तुमचं आयुष्य गोदीत बोटींच्या लाकडाला तेल पाजण्यात गेलं. पावसा-उन्हात लाकूड टिकावं म्हणून काय लावायचं, कसं लावायचं, ते सविस्तर लिहा. पुसायला कापड लागतं म्हणतात, ते आमच्याकडे उदंड आहे. यांच्या शिवणाच्या दुकानातल्या कापून उरलेल्या सुती चिंध्यांची पोती भरलीत.

माझं तेच चाललंय. हॉस्पिटलच्या चादरी मोजते, इस्त्री होऊन आल्या की घड्या घालते, कपाटात लावते.

तुमची,
घडीबाई


११ फेब्रुवारी

चि. घडीबाईस अनेक आशीर्वाद.

तू लहानपणी माझ्या खिशातला मळका रुमाल काढून, चार कोपरे जुळवून, घडी घालून परत ठेवायचीस. तुला पुढे पगार देऊन तेच काम करायला लावणारं हॉस्पिटल भेटलं, हे तुझं नशीब. कानाचं यंत्र डब्यातच आहे. त्यातून लोकांचं बोलणं ऐकू येतं, आणि ते ऐकण्यासारखं नसतं, असं जावईबापूंना सांग.

आता कामाचं. वॉर्निश नको. ते लाकडावर कातड्यासारखं बसतं, उन्हाने फाटतं, फटीतून पाणी आत शिरतं आणि मग बाहेर यायला वाट नाही. आतल्या आत फळी कुजते. अळशीचं उकळलेलं तेल घ्या आणि त्यातच रंगाची पूड मिसळलेला डबा मिळतो तो घ्या. आधी लाकूड खडखडीत वाळलेलं हवं. फळीवर पाण्याचा थेंब टाका. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर थांबा, शोषला गेला तर लाकूड तहानलंय. पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासायचं, आडवं घासलं की ओरखडे जन्मभर दिसतात. तेल पातळ लावायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, आणि वर राहिलेलं सगळं कापडाने पुसून काढायचं. पुसायचा कंटाळा केला की चिकट राहतं आणि धूळ धरतं. लाकडाला पाजायचं असतं, अंघोळ घालायची नसते. फळ्यांची कापलेली टोकं सगळ्यात जास्त पितात, तिथे दोनदा द्या. आणि ओट्याची खालची बाजू विसरू नका. लोक दिसतं तेवढंच रंगवतात.

पुसलेल्या चिंध्यांचं काय करायचं ते मी धाकट्याला वेगळ्या चिठ्ठीत लिहिलंय, ती सोबत आहे, त्याला दे. तू त्यात पडू नकोस. एका कामावर हुकूम चालवणारा एकच असावा, नाहीतर बारभाईचा कारभार होतो. तुझा स्वभाव मला माहीत आहे म्हणून लिहितो.

त्याने ओटा झाल्यावर मला कळवावं. माणूस सावरताना बघायला मिळणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

काका


९ मार्च

काका,

नमस्कार लिहायचंही त्राण नाही. घर जळता जळता वाचलं आणि यांचे दोन्ही हात भाजलेत.

रविवारची गोष्ट. सकाळपासून दोघे भाऊ ओट्याला तेलाचा शेवटचा हात देत होते. ओटा झाला, कुंपण तेवढं राहिलं. ओटा असा दिसत होता काका, की मी चप्पल काढून त्यावर गेले. संध्याकाळी फर्निचरवाला बघायला येणार होता. आणि भावजींनी काय करावं, तर पुसलेल्या साऱ्या तेलकट चिंध्या कुंपणावर एकेक करून पसरून ठेवल्या. लाल, निळ्या, फुलाफुलांच्या. मी म्हटलं, अहो, माणूस काम बघायला येणार आणि तुम्ही ही लक्तरं मांडून ठेवलीत. तर म्हणाले, "राहू द्या वहिनी, वाळू देत," आणि पायरीवर बसून सिगारेट ओढली, आणि फर्निचरवाल्याला आणायला निघून गेले. मीच सगळ्या चिंध्या काढल्या, घड्या घातल्या, बादलीत नीट रचल्या, वर पोतं झाकलं आणि बादली पायऱ्यांखाली सारली. अंगण आरशासारखं करून मी आत येऊन जरा पाठ टेकली.

धुराने जाग आली. पायऱ्या पेटल्या होत्या आणि जाळ ओट्याखालून दाराकडे येत होता. हे माझ्या आधी धावले. जळत्या फळ्या नुसत्या हातांनी उपटून अंगणात फेकल्या, नाहीतर स्वयंपाकघर गेलंच होतं. मी बादल्यांवर बादल्या ओतत होते आणि ओरडत होते, हात सोडा, हात सोडा. ते ऐकेनात.

नेमका तेव्हाच धाकटा त्या फर्निचरवाल्याला घेऊन आला. मी राखेत बघितलं तर त्याच्या सिगारेटचं थोटूक. पायरी जिथे होती तिथेच. सगळ्यांदेखत मी ते उचलून त्याच्यासमोर धरलं.

तो माझ्याकडे बघेना. राखेतल्या काळ्या पडलेल्या बादलीकडे बघत म्हणाला, "वहिनी, बादली कुठे होती?"

मी म्हटलं, "पायऱ्यांखाली. मी सगळं आवरून ठेवलं होतं. तुमच्यासारखं टाकून गेले नव्हते."

मग त्याने यांच्या हातांकडे पाहिलं. "माझंच चुकलं," म्हणाला. मी म्हटलं, आता या घरात तुमचं पाऊल नको. तो अंगावरच्या कपड्यांनिशी गेला. पिशवीसुद्धा खुंटीलाच आहे.

डॉक्टर म्हणतात डावा हात भरून येईल. उजव्याचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांचं सांगता येत नाही. शिंप्याची कात्री त्या दोन बोटांतच असते काका. मी रोज पट्ट्या बदलते. वर्षानुवर्षं हॉस्पिटलच्या पट्ट्यांच्या घड्या घातल्या, त्या माझ्याच माणसाला बांधायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. आणि हे मला काय विचारतात? "धाकटा आला का?" हात जळाले त्याचं काही नाही. ज्याने जाळले त्याचीच काळजी.

मी त्याला वर्षभर जेवू घातलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार तरी कोणाला. तुम्ही त्याला चिठ्ठी लिहिली होती ना विश्वासाने? बघा आता.

घडीबाई


१७ मार्च

चि. घडीबाईस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. जावईबापूंच्या हातांचं दर चार दिवसांनी लिहीत जा. बोटं आखडू देऊ नकोस, डॉक्टर सांगतील तशी हलवायला लाव, ते ओरडले तरी.

कुंपण राहिलंय ते राहू दे. त्याला हात लावू नकोस. लाकूड वर्षभर तसंच तग धरतं, काही होत नाही. उरलेल्या तेलाचा डबा घट्ट झाकण लावून बाहेर ठेव आणि विसरून जा. हे काम तू करायचं नाहीस. का, ते मला विचारू नकोस.

धाकट्यासाठी जीव टांगणीला लावू नकोस. आहे तिथे दोन वेळा जेवतोय, एवढं धरून चाल. आणि राग धरायचा तर धर, पण त्याच्याबद्दल चारचौघांत बोलू नकोस. जळलेलं लाकूड बदलता येतं.

हे पत्र लहान झालं. मला जास्त लिहिता येत नाहीये.

काका


२५ मार्च

काका,

तुमच्याकडून धीराचे दोन शब्द येतील असं वाटलं होतं. आलं काय, तर हात लावू नकोस, विचारू नकोस, बोलू नकोस. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? तो दोन वेळा जेवतोय म्हणे. तुम्हाला कसं ठाऊक? आणि इथे हे एक वेळही धड जेवत नाहीत. मी घास भरवते, ते भिंतीकडे तोंड करतात. यांच्या तोंडात सदा मिठाची गुळणी, आणि बोलले तर धाकटा.

दुकानाला कुलूप आहे. गिऱ्हाइकं अर्धवट कपडे परत घेऊन जातायत. कपडे हातात देताना मला कसं होतं ते तुम्हाला सांगून काय उपयोग. काल यांनी डाव्या हाताने कात्री धरून पाहिली. पडली. मी आवाज ऐकला आणि मोरीत जाऊन नळ सोडला, म्हणजे माझं रडणं यांना ऐकू जाऊ नये. काका, मला आता पुढचं काही दिसत नाही. सकाळ झाली की वाटतं, का झाली.

फर्निचरवाला आला होता. म्हणाला, झालं ते झालं, पण त्या माणसाच्या हातात कसब आहे, कुठे असेल तर पाठवून द्या. मी सांगितलं, लाकडाच्या गोदामात काडी ठेवायची हौस असेल तर घ्या त्याला. तो गेला. मग संध्याकाळी माझं ताट मी तसंच उचलून ठेवलं. त्याचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नाही. पण तो इथे नको.

आणि ऐका. कुंपणाची एक बाजू मी केली. तुमचंच पहिलं पत्र समोर ठेवून केली. थेंब टाकला, घासलं, पाजलं, पुसलं. यांना खिडकीतून दिसावं म्हणून केली. धाकट्यावाचून या घरात काही अडत नाही, हे यांना एकदा दिसू दे. हे बघत होते. उरलेल्या दोन बाजू येत्या रविवारी करते, म्हणजे पावसाची चिंता मिटेल.

या वेळी सगळं सामान मी घरातच ठेवलंय, बाहेर काही म्हणून नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. चिंध्या घडी करून उशीच्या जुन्या अभ्र्यात भरल्यात आणि अभ्रा यांच्या खाटेखाली सरकवलाय. यांना जिना चढताना आधाराला कठडा धरता येत नाही, म्हणून यांची खाट मी खाली मधल्या खोलीत आणलीय. मी कामावर गेले की बाहेरून कडी घालून जाते, कारण यांना आतून कडी काढताही येत नाही आणि घालताही येत नाही.

एवढं तरी आता तुमच्या मनासारखं आहे ना?

घडीबाई


३० मार्च

घडीबाई,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा धाकटा तुझ्या दारात येऊन गेला असेल. लवकर पोचू दे त्याला, एवढंच मी सकाळपासून म्हणतोय.

तो माझ्याकडे होता. तुझ्याकडून निघाला तो सरळ इथे आला. दारात उभा राहिला आणि काहीतरी म्हणाला. मला कमी ऐकू येतं, पण ओठांवरून कळतं. म्हणाला, "काका, तुमची चिठ्ठी मी पाळली होती."

त्या चिठ्ठीत काय होतं ते आता वाच. अळशीचं तेल वाळताना तापतं. फळीवर पातळ पसरलेलं असतं, त्याची ऊब वाऱ्यावर निघून जाते. पण त्याच तेलाने भिजलेलं कापड घडी करून, दाबून, झाकून ठेवलं की ती ऊब आत कोंडते. आतल्या घड्या तापत जातात, आणखी तापतात, आणि कोणी काडी न लावता कापड आपोआप पेटतं. म्हणून चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवायच्या, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवायच्या. गोदीत हे पोरासोरांनाही माहीत असतं. धाकट्याने त्या कुंपणावर पसरल्या. तू काढल्यास. सिगारेटचा त्या आगीशी काही संबंध नव्हता.

बादली कुठे होती हे तुझ्या तोंडून ऐकलं तेव्हाच त्याला सगळं कळलं. मी त्याला म्हटलं, गाढवा, मग तिथेच बोलला का नाहीस? तर म्हणाला, "दादाच्या पट्ट्या वहिनीच बांधणार. तिला हे कळलं तर तिच्याने गाठ बसणार नाही. माझ्यावर रागावली तर निदान तिचे हात चालू राहतील." आणि माझ्याकडून वचन घेतलं. मी दिलं. तेव्हापासून अळीमिळी गुपचिळी. तुला कुंपणाला हातच लावू दिला नाही म्हणजे चिंध्यांचा विषय निघणार नाही, असा मी शहाणपणा केला. तुझ्यासारखीला नको म्हटलं की तू आधी तेच करणार, हे मला कळायला हवं होतं. आणि ती चिठ्ठी पहिल्याच दिवशी मी तुझ्या नावाने लिहायला हवी होती.

तुझं पत्र आज आलं. मी त्याच्या हातात दिलं. फर्निचरवाल्याला तू जे बोललीस ते त्याने वाचलं, त्यावर काही थांबला नाही. खाटेखालच्या अभ्र्याची ओळ आली आणि त्याने पत्र खाली ठेवून चपला घातल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून तुला फोन लावला. "वहिनी" एवढंच म्हणाला आणि तू ठेवून दिलास. पुन्हा लावला, पुन्हा ठेवलास. नंतर नुसता वाजत राहिला. मी म्हटलं, थांब, चिठ्ठी लिहून देतो, नाहीतर ती तुला दारातच उभा करेल. म्हणाला, तुम्ही लिहीपर्यंत गाडी सुटेल. गेला.

एक बाजू केलीस त्या चिंध्या पेटल्या नाहीत, कारण कापड थोडं असेल, हवा गार असेल. दर वेळी पेटतंच असं नाही. म्हणून तर माणूस फसतो.

मला फोनवर ऐकू येत असतं तर आज तुझ्यावर एवढा ओरडलो असतो की तू ठेवायचीही विसरली असतीस. हे यंत्र मी दुपारपासून कानात घालून बसलोय. काय उपयोग.

काका


६ एप्रिल

तीर्थरूप काकांना नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी आलं. तोपर्यंत मला सगळं कळलं होतं.

रविवारी सकाळपासून मी कुंपणाला लागले होते. आदल्या चिंध्यांत नव्याची भर पडत होती. एकेक भिजली की घडी घालायची आणि आत जाऊन अभ्र्यात ठेवायची, असं चाललं होतं. उन्हं चांगली तापली होती. फाटक वाजलं आणि बघते तर भावजी. दाढी वाढलेली. माझ्याकडे न बघता ते सरळ आत गेले. मी ब्रश हातात घेऊन मागे धावले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. हे खाटेवर उठून बसले होते आणि त्यांचं तोंड असं झालं होतं, जसं मी या महिन्याभरात पाहिलं नाही. भावजी त्यांच्याशीही बोलले नाहीत. खाटेखाली वाकले, अभ्रा बाहेर ओढला आणि त्यात हात घातला. मग मला म्हणाले, "वहिनी, इथे हात घाला."

मी घातला.

काका, माझं आयुष्य इस्त्री होऊन आलेल्या चादरींत गेलं. गठ्ठ्याच्या मधोमध हात घातला की कळतं, कपडा कधी आला, किती तासांपूर्वीचा आहे. वरची घडी गार लागते आणि आतली ऊब धरून असते. अभ्र्यातल्या वरच्या चिंध्या गार होत्या. आत चटका बसत होता. आणि त्यांना इस्त्री तर कोणीच केलेली नव्हती. मी हात आतच ठेवून उभी राहिले. मला ती बादली आठवली. कशी कडेला कड जुळवून रचली होती, वर पोतं किती नीट बसवलं होतं. "राहू द्या वहिनी, वाळू देत." मला कोणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

भावजींनी अभ्रा अंगणात नेऊन उलटा केला आणि एकेक चिंधी उलगडून कुंपणावर टाकायला लागले. मी नुसती बघत होते. मी विचारलं, "त्या दिवशी बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "बोलून हात परत येणार होते का?" आणि पुढची चिंधी टाकली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी केलं. तेही चारचौघांत.

यांना मी स्वतः सांगितलं. भावजी मध्ये पडत होते, जाऊ द्या म्हणत होते, मी ऐकलं नाही. खाटेपाशी उभी राहिले आणि म्हटलं, तुमचे हात माझ्यामुळे जळाले, त्याच्यामुळे नाही. घड्या मी घातल्या. यांनी दोन शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती दुपार मी कशी काढली ते मलाच ठाऊक.

संध्याकाळी पट्ट्या बदलायच्या होत्या. भावजी म्हणाले तसंच झालं. माझ्याने गाठच बसेना. पट्टी सुटायची, पुन्हा गुंडाळायची. भावजी पुढे आले, तर यांनी मानेने त्यांना नको म्हटलं. उजवा हात माझ्याच मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "सावकाश बांध. काल जरा घट्ट झाली होती."

मी बांधली.

सोमवारी सकाळी उठून बघते तर भावजी गेलेले. या वेळी खुंटीवरची पिशवीही नेली. यांना सांगून गेले असावेत, कारण यांनी विचारलं नाही. मी पदर खोचून तशीच फर्निचरवाल्याकडे गेले आणि दुकानातल्या सगळ्यांसमोर सांगितलं की आग माझ्या हातून लागली, माझ्या दिरांच्या नाही, आणि मी त्यांच्याविषयी बोलले ते खोटं होतं. तो भला माणूस आहे. म्हणाला, बाई, तुम्ही आठ दिवस आधी आला असता तर. त्याने दुसरा माणूस घेतलाय. माझ्या एका वाक्यावर घेतलाय. मी विचारलं, त्या माणसाचं नाही जमलं तर? तो म्हणाला, बघू. त्या "बघू"वर मी जगतेय सध्या. रोज कामावरून येताना त्याच्या दुकानावरून येते. तो मला बघून आता मान खाली घालतो, पण मी जायची थांबणार नाही.

यांचं बोट अजून वाकत नाही. डॉक्टर "बघू" म्हणतात. सगळीकडे तेच.

भावजी तुमच्याकडेच आले असतील, दुसरं कुठे जाणार. नसतील आले तर मला लगेच कळवा, मी इथलं सगळं टाकून शोधायला निघेन. काका, ते पुन्हा पूर्वीच्या वाटेला लागले तर ते माझं पाप. तुम्ही त्यांचे ओठ बघून मला खरं काय ते लिहा, या वेळी काही लपवू नका. आत त्यांच्यासाठी वेगळी चिठ्ठी ठेवणार होते. तीन वेळा लिहिली आणि फाडली. क्षमा हा शब्द कागदावर किती लहान दिसतो.

ओट्याच्या जळलेल्या फळ्या तशाच आहेत. कुंपणाची एक बाजू कोरडी राहिलीय, ती मी करणार नाही. ती त्यांची आहे. शेजारीण काल म्हणाली, अहो, तुमच्यासारख्या नीटनेटक्या बाईच्या अंगणात ही लक्तरं किती दिवस? मी म्हटलं, असू देत.

त्यांना एवढंच सांगा काका. चिंध्या अजून कुंपणावरच आहेत. मी हात लावलेला नाही.

घडीबाई